आपल्या नजरेचा भरवसा

आत्मविश्वासावर बोलायचं म्हटलं की माझे पाय आधी पुण्याच्या शुक्रवार पेठेकडे वळतात, राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे. तुमच्यापैकी बरेच जण शाळेच्या सहलीत तिथे गेले असतील आणि रांगेतून भराभर पुढे सरकत बाहेर आले असतील. आता पुन्हा जा आणि अडकित्त्यांच्या कपाटापाशी जरा थांबा. सुपारी कातरायचं साधं हत्यार ते. खाली बैठक, वर पातं, मधे खीळ, धरायला दोन दांडे. एवढ्यावर काम भागतं. तरी कुणी दांड्याला मोराची मान दिली, कुणी पोपट केला, कुणी स्त्री-पुरुषाची जोडी घडवली. वज्रीचंही तसंच. टाच घासायची वस्तू, खालून खरबरीत असली की झालं; पण कुणा कारागिराला वाटलं, हिच्या पाठीवर पक्षी हवा. त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. तो पक्षी मात्र आहे.

आणि तो आहे, कारण एका माणसाने तो उचलून जपून ठेवला. दिनकर केळकर, जन्म १८९६चा. घरचं चष्म्याचं दुकान होतं, आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला घेतल्या. जुन्याचा मान त्या काळी तलवारींना, नाण्यांना, दरबारी कागदांना. दिवे, दौती, फण्या, चुनाळी यांना कोण विचारतो? मोडीत निघायची ती. केळकर नेमके त्यांच्या मागे लागले, गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. २० हजारांच्या आसपास वस्तू जमल्या आणि तो सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला.

मला यात सगळ्यांत मोठी वाटते ती ही गोष्ट, की ‘मला हे सुंदर दिसतंय’ या जाणिवेला त्यांनी कुणाच्या होकारासाठी ताटकळत ठेवलं नाही. तुम्ही मुलं चित्र काढता, लगेच फोनवर टाकता आणि लाइक किती येतात ते बघत बसता. तोवर चित्र बरं की वाईट हे तुमचं तुम्हालाच ठरवता येत नाही. असं वर्षभर चाललं की आपल्याला काय आवडतं तेच कळेनासं होतं. चित्रकला शिकवताना मला या एका गोष्टीची फार काळजी वाटते. हात सरावाने सुधारतो. नजर उसनी मिळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आपली नजरच चुकत असेल तर? रास्त शंका आहे. आवडीला कसोटी हवीच, आणि ती किती कडक असू शकते हे बघायचं तर पुण्यातल्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जा. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९मध्ये सुरू झालं, १९२५पासून वि. स. सुखठणकरांनी ते हाती घेतलं. शारदा, बंगाली, तेलुगू, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, श्लोकागणिक पाठभेद, म्हणजे पोथीपोथीतले शब्दांचे फरक, कागदावर उतरवायचे आणि मग एक पाठ निवडायचा. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही कथा पुण्याच्या माणसाला किती प्रिय! पण पोथ्यांच्या पुराव्याला ती उतरली नाही, म्हणून ती मूळ संहितेत न राहता परिशिष्टात गेली. प्रिय गोष्ट अशी बाजूला ठेवायलाही स्वतःवर विश्वास लागतो, आणि माझ्या मते तो अधिक अवघड. सुखठणकर १९४३मध्ये गेले. काम पुरं झालं १९६६मध्ये. हे आपल्या डोळ्यांदेखत संपणार नाही याची कल्पना असताना ज्यांनी रोज सकाळी पोथी उघडली, त्यांच्याबद्दल बोलताना माझा आवाज आजही जड होतो.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलीने विचारलं, ‘सर, चित्रासाठी नोकरी सोडू का?’ बाळ, घरची ओढाताण मला माहीत नाही, तेव्हा सोड किंवा धर असं मी इथून सांगणार नाही. पण केळकरांचा हा छंद चष्म्याच्या दुकानाच्या सोबतीने वाढला, एवढं ध्यानात ठेव. संध्याकाळचा एक तास राखून ठेव आणि त्या तासात काढलेलं वर्षभर कुणालाही दाखवू नकोस, मलासुद्धा. वर्षाअखेरीस सगळे कागद जमिनीवर पसर. त्यांत कुठली वस्तू, कुठला रंग न ठरवता पुन्हा पुन्हा आलाय ते बघ, आणि पुढचं काम तिथून धर.