कुकरची रिंग

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्याकडे पाच लिटरचा कुकर आहे. गेल्या श्रावणात त्याची रिंग सैल झाली. शिट्टी होईना, झाकणाच्या कडेनं नुसती फुसफुस, आणि डाळ कच्ची ती कच्चीच. रिंग मिळते भांडी बाजारात. पण आम्ही राहतो नाशिकच्या सिडकोत, आणि भांडी बाजाराकडे जायचं म्हणजे आमच्याकडे अजून 'गावात जाऊन येते' असंच म्हणतात, त्यावरून काय ते समजा. शालिमारला उतरायचं, मेन रोडची गर्दी कापत खाली गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, अंगाला जायचं. घरात आई, वय ८४, अंथरुणावर. तिला सोडून दोन तास निघायचं तर शेजारच्या वहिनींना बसवून जावं लागतं. मग मी फोन घेतला, रिंगचा फोटो पाहिला, बोट टेकवलं. १३९ रुपये. तिसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली.

रिंग बसली नाही. लगेच परत केली असती तर पैसे मिळाले असते, पण त्या आठवड्यात आईला ताप होता आणि मी ते पाकीट उघडलंच नव्हतं. उघडलं तेव्हा परत करायची मुदत टळून गेलेली. तक्रार करायला गेले तर समोर माणूस नाही. चार पर्याय, चौथा दाबला की पुन्हा पहिला. शेवटी जुनी रिंग, नवी रिंग आणि कुकरचं झाकण पिशवीत घातलं आणि गेलेच गावात.

दुकानदारानं किती लिटरचा कुकर हे विचारलंच नाही. दोन्ही रिंगा एकीवर एक धरल्या आणि म्हणाला, "ताई, ही बाहेरून बसणाऱ्या झाकणाची आहे. तुमचं झाकण आत जातं." छताला टांगलेल्या झुबक्यातून वर न बघताच एक रिंग ओढून काढली, झाकणावर चढवली, अंगठा गोल फिरवून बघितला. ७० रुपये. चुकीची रिंग मी पिशवीत टाकत होते तर म्हणाला, "ती राहू द्या इथं. कुणाला तरी लागेल." आणि खिळ्याला अडकवून ठेवली.

आता तुम्हाला वाटेल, बाई बाजाराची आरती ओवाळणार आणि फोनला शिव्या देणार. थांबा जरा.

आईला गेली दोन वर्षं मोठ्यांचे डायपर लागतात. पहिल्यांदा ते आणायला मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. हळूच सांगितलं. काउंटरवरच्या मुलानं आत हाळी दिली, "मोठ्यांचे डायपर आहेत का रे, लार्ज?" आणि माझ्याकडे वळून, "लेडीज की जेंट्स?" दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. आई शिक्षिका होती. त्या गर्दीत तिचा एक विद्यार्थी उभा होता, आता डोक्यावर केस न राहिलेला. त्यानं विचारलं, "बाई कशा आहेत?" मला उत्तर सुचेना. त्या दिवसापासून मी डायपर दुकानातून आणलेले नाहीत. महिन्याच्या सुरुवातीला एक खोकं येतं, वर खाकी चिकटपट्टी, आत काय आहे ते जिन्यातल्या कुणालाही कळत नाही. या एका गोष्टीसाठी मी ऑनलाइन दुकानांची ऋणी आहे. ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही, त्यांनी कृपा करून मला स्थानिक बाजारपेठेवर व्याख्यान देऊ नये.

शिवाय आपल्या दुकानांमधली ती पाटी. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो की सदोष वस्तू बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाटी रंगवल्यानं कायदा पुसला जात नाही. पण त्यासाठी आधी बिल हवं, आणि बिल मागितलं की प्रश्न येतो, "पक्कं हवं का? मग टॅक्स लागेल." गिऱ्हाईक फोनकडे का पळालं याचं निम्मं उत्तर त्या पाटीवरच ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे.

आणि दुकानात राबणारी माणसं तरी कुठं सुखात आहेत? साडीच्या दुकानातली मुलगी सकाळपासून रात्री शटर पडेपर्यंत उभी. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सांगितलं, की दुकानातल्या कामगारांना बसायला काहीतरी द्या. हो, स्टूल मिळावं म्हणून कायदा. पण ती मुलगी मला दिसते. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकताना दिसते, आणि दिसते म्हणून निदान मी दहावी साडी उलगडायला लावत नाही.

माझं ऑनलाइनशी भांडण आहे ते इथं. मला कुणी बघू नये, ही माझी गरज होती. ती भागली. पण त्याच सौद्यात मलाही कुणी दिसेनासं झालं.

२०२४ मध्ये हरियाणातल्या मानेसरची एक बातमी आली होती. तिथल्या एका मोठ्या गोदामातल्या कामगारांना शपथ घ्यायला लावली होती, की ट्रकमधला माल उतरवून होईपर्यंत पाणी प्यायला जाणार नाही, लघवीला जाणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं स्वतःहून दखल घेऊन केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस काढली. ती बातमी मी वाचली तेव्हा नुकतंच आईचं सगळं आवरून हात धुतले होते. पलंगाखाली डायपरचं खोकं होतं. ते कुठल्या गोदामातून आलं मला ठाऊक नाही, मानेसरचं नसणारच बहुधा. तरी दोन दिवस मला त्या खोक्याकडे बघवेना.

या सगळ्या साखळीतला आपल्याला दिसतो तो एकच माणूस, बेल वाजवणारा. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. मे महिन्यात एका दुपारी दहा किलोची आट्याची पिशवी खांद्यावरून उतरवून तो पोरगा पायरीवरच बसला. ताक दिलं. बोलता बोलता कळलं, गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चर त्याचं. पैसे पार्सलमागे. गिऱ्हाईक घरात नसलं तर फेरी फुकट. "तुझा साहेब कोण रे?" म्हटलं. त्यानं मोबाइल वर धरला, "हाच, मावशी." जाताना म्हणाला, "फाइव्ह स्टार द्या बरं का." ताक प्यालेल्या माणसाला चार स्टार कोण देतं? पण एखाद्या दिवशी माझं डोकं फिरलेलं असलं तर त्याची रोजी माझ्या अंगठ्यावर, हे काही बरं नव्हे.

अशा मुलांना कायद्यात नाव मिळालं ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत: गिग कामगार, प्लॅटफॉर्म कामगार. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षा निधीत घालायची, अशी तरतूद आहे. मधे राजस्थाननं २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्राची संहिता लागू व्हायला मात्र २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला.

आता थोडं धंद्याबद्दल. गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो, तो डोळ्यापुढं आणा. समजा, बाजार भरवणाऱ्यानंच मोक्याच्या जागी आपल्या मेव्हण्याला बसवलं, बाकीच्यांना लांब कोपऱ्यात, आणि कुठल्या भाजीला किती उठाव आहे ते रोज टिपून ठेवलं. भाजीवाल्या काय म्हणतील? परदेशी भांडवलाच्या ऑनलाइन कंपन्यांना आपल्याकडे फक्त बाजार भरवायची मुभा आहे, स्वतःचा माल मांडून विकायची नाही. १ फेब्रुवारी २०१९ पासून त्याचे नियम आणखी आवळले. तरी ठरावीक विक्रेत्यांना, म्हणजे मेव्हण्यांना, झुकतं माप देतात अशी तक्रार झालीच, आणि जानेवारी २०२० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टच्या चौकशीचा आदेश दिला. कंपन्यांना हे आरोप मान्य नाहीत. फ्लिपकार्ट म्हणजे २००७ मध्ये बंगळुरूत दोन तरुणांनी पुस्तकं विकायला काढलेलं दुकान. २०१८ मध्ये वॉलमार्टनं त्याचा ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला. आपल्या भांडी बाजारवाल्याची स्पर्धा कुणाशी आहे ते यावरून बघा. काही वस्तू फोनवर ज्या भावात मिळतात, त्या भावात त्याला होलसेलवालाही देत नाही.

मी त्याला एकदा विचारलं, कसं चाललंय? त्यानं भिंतीवरची मळकट रेघ दाखवली, माझ्या खांद्याइतकी उंच. २ ऑगस्ट २०१६. गंगेला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि पाणी बाजारात शिरलं तो दिवस. चिखलातून भांडी काढून, धुऊन, पुसून आठ दिवसांनी त्यानं दुकान पुन्हा उघडलं होतं. "फोनवरच्या दुकानात पाणी शिरत नाही, ताई," म्हणाला. रागानं नाही, सहज. त्याचा मुलगा बूट ऑनलाइनच मागवतो, हेही त्यानंच सांगितलं.

फोटोवर काय घ्यावं आणि काय नाही, एवढं मात्र आपण नाशिककरांनी शिकायला हवं. येवल्याची हातमागाची पैठणी घेताना बाया पदर उलटा करून बघतात. मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ, लोंबते धागे नाहीत, तर ती हातानं विणलेली. फोटोत पदराची मागची बाजू कोण दाखवतो? म्हणून हजार रुपयांत 'पैठणी' मिळते. पण येवल्यातले काही विणकर आता व्हिडिओ कॉलवर पदर उलटून दाखवतात आणि साडी थेट घरी पाठवतात. तेही ऑनलाइनच की. तिथं निदान विणणाऱ्याचे हात दिसतात.

आपल्या महाराष्ट्रात एक निराळी वाटही पडलेली आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायत. शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी आधी देतात, माल एकत्र खरेदी होतो आणि सभासद तो आपसात वाटून घेतात. ना जाहिरात, ना मधला दलाल. हे ऐकून मी आमच्या बिल्डिंगमध्ये आठ घरं जमवली. दोन महिने झकास चाललं. तिसऱ्या महिन्यात साखरेचं पोतं कुणाच्या घरी उतरवायचं यावरून शब्दाला शब्द लागला, आणि आठही घरं आपापल्या फोनकडे परत गेली. त्यात मीही होते.

भाच्यानं मला नंतर एक सांगितलं, ते तुम्हालाही सांगून ठेवते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क त्यांच्या साइटवर द्यावाच लागतो, फक्त तो शोधायला चष्मा लागतो. नाहीच दाद लागली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मला हे आधी कळलं असतं तर १३९ रुपयांसाठी मी भांडले असते. कदाचित नसतेही.

डायपर अजून खोक्यातूनच येतात. पण आता ते संपायच्या आठ दिवस आधी मागवते, 'आजच हवं' वर बोट टेकवत नाही. बाकीचं फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवते आणि भाऊ शनिवारी आईपाशी बसला की गावात जाते.

मागच्या शनिवारी अशीच गेले होते. त्याच भांडीवाल्याकडून चहाची गाळणी आणि एक चिमटा घेतला, १८० रुपये झाले. मी २०० ची नोट पुढं केली. त्यानं ८० रुपये परत दिले. "शेठ, साठ जास्त आले," म्हटलं. त्यानं खिळ्याकडे मान हलवली. खिळा रिकामा होता.

"गेली तुमची रिंग," तो म्हणाला. "पंचवटीतल्या एक बाई घेऊन गेल्या."