'मला' आणि 'आय'

नमस्कार, श्रोतेहो.

इंग्रजी संभाषणाच्या वर्गात एक वाक्य मी दरवर्षी ऐकतो. मुलाखतीचा सराव चालू असतो. शर्ट खोचलेला मुलगा खुर्चीच्या टोकावर बसतो, घसा खाकरतो आणि ठणकावून सांगतो, "आय अ‍ॅम व्हेरी इंटरेस्टिंग इन धिस जॉब." सांगायचं असतं, मला या कामात रस आहे. सांगून बसतो, मी फार मजेशीर माणूस आहे! "आय अ‍ॅम बोअरिंग" तर रोजचंच. कंटाळा आलेला असतो बिचाऱ्याला, आणि तो स्वतःलाच कंटाळवाणा ठरवून मोकळा होतो.

नियम सोपा आहे. ज्याला कंटाळा येतो तो बोअर्ड, ज्याच्यामुळे येतो ते बोअरिंग. तरी जीभ घसरतेच, कारण मराठीत राग येतो, भीती वाटते, आनंद होतो. भावना पाहुण्यासारखी येते, आपण नुसतं 'मला' म्हणून दार उघडायचं. 'मी चिडलो', 'मी घाबरलो' असंही आपण म्हणतो, नाही असं नाही. पण ओढा 'मला'कडेच. इंग्रजीत मात्र 'आय' पुढे सरसावतो. राग त्याच्याकडे येत नाही, तो स्वतःच अँग्री असतो.

गंमत अशी, की जुनी इंग्रजीही आपल्याच वळणाची होती. 'मी लाइकेथ' म्हणजे 'मला आवडतं'. त्यातला 'मी' हा त्यांचा 'मला' बरं का! पुढे काही शतकांत 'आय लाइक' रुळलं आणि आवडणारी वस्तू मागे पडून आवडून घेणारा माणूस पुढे आला.

शब्दही असेच फिरतात. टेरर, टेरिबल, टेरिफिक ही सगळी एकाच घरची भावंडं, मूळ अर्थ भीतीचा. त्यातलं टेरिफिक आज 'झकास' झालंय. हसू नका, आपल्याकडेही 'भयंकर आवडलं' म्हणतातच की.

खरी फजिती होते ती कौतुकात. एका इंग्रज पाहुण्यांनी माझी टिपणं चाळली आणि म्हणाले, "क्वाइट गुड." मी दोन दिवस हवेत. मग कोणीतरी समजावलं, की अमेरिकन माणूस असं म्हणाला असता तर ती शाबासकी होती. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'ठीक आहे' एवढाच. त्यांनी "नॉट बॅड" म्हटलं असतं, तर पेढे वाटायला हरकत नव्हती.

सामना हरलेला इंग्रज खेळाडू म्हणतो, "आय अ‍ॅम गटेड." म्हणजे, मी पार खचलोय. मासा साफ करताना पोट चिरून आतडी काढतात ना, त्यालाच इंग्रजीत 'गट' करणं म्हणतात. त्या 'क्वाइट गुड'चा खरा अर्थ कळल्यावर मी अगदी तसाच बसलो होतो, टिपणं मांडीवर घेऊन.