साप पकडला कुठे, सोडला कुठे

नमस्कार श्रोतेहो. पावसाळा लागला की मुंबईत सर्पमित्रांचे फोन वाजायला लागतात. मुलुंडला पार्किंगमध्ये धामण, आरेत तबेल्यामागे नाग, पवईला जिन्याखाली घोणस. साप पकडला जातो, वनखात्याला कळवलं जातं, साप सोडला जातो. मागे उरते वहीतली एक ओळ. आज त्या ओळीबद्दल बोलायचं आहे, कारण कोणता साप कुठून कुठवर आढळतो याचा नकाशा शेवटी अशाच ओळींवरून निघतो.

समजा, डोंगरातला एक साप तीनच ठिकाणी दिसला: पालघर, अलिबाग आणि लोणावळा. तीन टिंबं जोडली की त्रिकोण होतो तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठा. पण त्यात ठाण्याची खाडी आली, मुंबईचं बंदर आलं, भरवस्तीतल्या चाळीही आल्या. आता दुसरी रीत बघा. नकाशावर दोन-दोन किलोमीटरचे चौकोन आखायचे आणि साप दिसलेले तेवढेच मोजायचे. उत्तर येतं 12 चौरस किलोमीटर. साप तोच, ठिकाणं तीच! एका आकड्यावर तो ऐसपैस पसरलेला वाटतो, दुसऱ्यावर चिमूटभर जागेत अडकलेला.

मोठ्या सापांचा वावर लांबवर आणि छोट्यांचा थोडक्या जागेत, असं आकडेवारीतून पुष्कळदा दिसतं. त्यात तथ्य असेलही. पण दोन मीटरची धामण भर दुपारी रस्ता ओलांडते, ती सगळ्यांना दिसते. खापरखवल्या हा छोटा साप मातीत राहतो, पावसात कधीतरी वर येतो. आपल्या सह्याद्रीतल्या एका खापरखवल्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फिपसन यांचं नाव आहे. असा साप खरंच मोजक्या जागी राहतो, की आपण मोजक्या जागीच खणलं? हे तपासल्याशिवाय नियम सांगू नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय आपण हिंडतो ते रस्त्याच्या कडेने, त्यामुळे नोंदीही तिथेच दाटतात.

हरणटोळ तर तुम्ही पाहिला असेल. हिरवागार, दोरीसारखा, टोकदार नाकाचा, वेलीवर वाऱ्याबरोबर हलणारा. भारतभरचे बरेचसे हरणटोळ वर्षानुवर्षं एकाच जातीत मोजले जायचे, म्हणून ती जात कुठल्याही हवेत तगणारी वाटायची. 2020 साली अभ्यासकांनी जनुकं आणि खवले तपासले, तेव्हा त्या एका नावाखाली अनेक जाती निघाल्या. जुनं नाव आता फक्त श्रीलंकेतल्या हरणटोळाकडे राहिलं. एका मोठ्या नकाशाचे असे लहान-लहान तुकडे झाले आणि त्यावर बेतलेले निष्कर्ष पुन्हा तपासणं आलं.

एका वहीत मला नोंद दिसली, ‘हरणटोळ, येऊर’. चौकशी केली तर कळलं, साप पकडला होता डोंबिवलीत, येऊरला फक्त सोडला होता. नकाशावर मात्र टिंब पडलं असतं येऊरच्या जंगलात. मला त्या दिवशी फार चुटपुट लागली.

म्हणून श्रोतेहो, घरात साप निघाला तर लांब उभे राहा, सर्पमित्राला बोलवा. आणि तो बरणीचं झाकण लावून वही उघडेल तेव्हा त्याला एवढं सांगा: दादा, सोडाल ती जागा लिहाच, पण आधी आमच्या इमारतीचा पत्ता, आजची तारीख आणि साप नेमका कुठल्या कोपऱ्यात होता, तेही लिहा.