शिआन: तटबंदीच्या आत चार दिवस

[दृश्य: तटबंदीवर एकच सायकल. विटांवर चाकांचा खडखडाट.]

हा खडखडाट जवळजवळ चौदा किलोमीटर चालतो. शिआनच्या तटबंदीवर सायकल भाड्यानं मिळते, आणि वरच्या विटा अशा की पहिल्या दहा मिनिटांतच आपली हाडं कुठं कुठं जोडलेली आहेत ते कळतं. तट बारा मीटर उंच. वरचा रस्ता बारा ते चौदा मीटर रुंद, म्हणजे आपल्या चार एसट्या शेजारी शेजारी उभ्या राहतील. मिंग राजवटीत, १३७० च्या दशकात हा तट बांधला गेला. आत जुनं शहर, बाहेर खंदक, आणि खंदकापलीकडे उंचच उंच इमारती.

सायकलवर मी आहे. मावशी पायीच. तिनं सोलापुरात आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. दक्षिण दरवाजाच्या बुरुजावरून खाली वाकून बघत ती म्हणाली, “भुईकोटच आहे की रे हा. पण आपला भुईकोट यात कुठल्या कुठं हरवून जाईल.”

शिआन म्हणजे जुनं छांग-आन. तांग सम्राटांची राजधानी. रेशीम घेऊन पश्चिमेकडे जाणारे तांडे इथूनच निघायचे. आज ही शान्शी प्रांताची राजधानी आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार वस्ती एक कोटी तीस लाखांच्या घरात. परदेशी प्रवासी इथं येतो तो बहुतेक एका गोष्टीसाठी: मातीचे सैनिक. आमच्याही यादीत पहिलं नाव तेच होतं. दुसरं नाव मावशीच्या यादीत होतं. ते शेवटी सांगतो, कारण तिनंही मला शेवटीच सांगितलं.

[दृश्य: हॉटेलची खोली. मावशी फोन हलवून बघतेय.]

पहिला दिवस फोनशी भांडण्यात गेला. हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालत नाही, गूगल चालत नाही. मावशीच्या ‘सुप्रभात’ची वाट बघणारे तिकडे काळजीत आणि ही इकडे. पैशांचंही तसंच. रस्त्यावर रताळी भाजून विकणारा माणूससुद्धा गाडीला क्यूआर कोड लटकवून बसलेला. रोख नोट पुढे केली की समोरचा सुट्ट्यांसाठी खिसे चाचपतो. निघण्याआधी तिथलं पैसे देण्याचं ॲप फोनवर घेऊन त्याला आपलं कार्ड जोडून ठेवा. आम्ही ते विमानतळावर बसून केलं, आणि त्यात दीड तास गेला.

एक गोष्ट मात्र मावशीला पहिल्याच दिवशी पटली. गरम पाणी. रेल्वेच्या डब्यात, स्टेशनवर, संग्रहालयात, जिथं जाल तिथं गरम पाण्याचा नळ. सगळे जण थर्मास घेऊन फिरतात. “ही माणसं शहाणी आहेत,” असं तिनं जाहीर केलं. चारही दिवस ते मत बदललं नाही.

[दृश्य: सैनिकांच्या पहिल्या खड्ड्याचं छत. खाली रांगा.]

मातीचे सैनिक शहरात नाहीत. ते लिनथोंगला आहेत, पूर्वेला साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरवर. मेट्रोनं जायचं आणि पुढं बस धरायची. स्टेशनबाहेर लॅमिनेट केलेले फोटो दाखवत जे लोक अंगावर येतात, त्यांच्या गाडीत बसू नका. आमच्या हॉटेलात उतरलेलं इंदूरचं एक जोडपं बसलं होतं. त्यांना आधी एका कारखान्यात नेऊन दोन तास छोटे छोटे सैनिक विकायचा प्रयत्न झाला, आणि खरे सैनिक बघायला हाती तासभर उरला.

पहिला खड्डा २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद आहे. वर मोठ्या रेल्वे शेडसारखं छत. आत शिरल्यावर सैनिक दिसत नाहीत. दिसतात ती माणसांची डोकी आणि डोक्यांवर धरलेले फोन. कठड्यापर्यंत पोचायला आम्हाला वीस मिनिटं लागली. आषाढी एकादशीच्या गर्दीत वाढलेली मावशी कोपर न लावता पुढं सरकत गेली. ते कसब मला आलेलं नाही.

आणि मग एकदम समोर रांगा. एकट्या या खड्ड्यात सुमारे सहा हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे. त्यातले बरेच अजून मातीखालीच आहेत. जवळजवळ माणसाच्या उंचीचे, थोडे जास्तच. धड, हात, डोकं वेगवेगळं घडवून जोडलेलं. काहींच्या अंगावर कारागिराच्या नावाचा शिक्का आहे. माल बिघडला तर कुणाला धरायचं हे ठाऊक असावं म्हणून. चिन शी हुआंग या चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याची ही राखण. तो इसवी सनापूर्वी २१० मध्ये गेला.

हे सापडलं ते दुष्काळामुळे. १९७४ च्या मार्चमध्ये इथले शेतकरी विहीर खणत होते. पाणी लागायच्या आधी मातीचं डोकं लागलं. पुढे त्या शेतकऱ्यांपैकी काही जण संग्रहालयाच्या दुकानात बसून पुस्तकांवर सह्या करायचे. मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पण विहीर झाली का रे त्यांची?” याचं उत्तर संग्रहालयाच्या एकाही फलकावर नव्हतं.

[दृश्य: खड्ड्याची मागची बाजू. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुतळे.]

गर्दी पुढच्या कठड्याशीच थांबते. तुम्ही बाजूनं चालत मागं जा. तिथं दुरुस्तीची जागा आहे. डोकं नसलेले, हात नसलेले सैनिक उभे आहेत, काहींच्या अंगावर पट्टे आणि चिठ्ठ्या. एखाद्या सरकारी दवाखान्याचा वॉर्डच जणू. हे सगळे एकेकाळी रंगीत होते. पण रंगाखालचा लाखेचा थर बाहेरची कोरडी हवा लागताच काही मिनिटांत आक्रसतो, पोपडे सुटतात आणि रंग गळून पडतो. सम्राटाचं मुख्य थडगं अजून उघडलेलं नाही, त्यामागचं एक मोठं कारण हेच: उघडल्यावर जे दिसेल ते टिकवायचं कसं. त्या टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण जास्त आढळलंय. आत पाऱ्याच्या नद्या केल्या होत्या असं सिमा छियान या इतिहासकारानं दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं.

[दृश्य: नगारखाना. मागच्या गल्लीतला धूर, दिवे.]

संध्याकाळी शहरात. चौकाच्या मधोमध १३८४ चा घंटा-मनोरा, त्याच्या जवळच नगाऱ्याचा मनोरा, आणि त्याच्या मागे हुई मुसलमानांची वस्ती. इथली मोठी मशीद बाहेरून पाहिली तर देऊळच वाटेल. घुमट नाही, उंच मिनार नाही. चिनी कौलं, एकामागे एक अंगणं, डाळिंबाची झाडं. मिनाराच्या जागी दोन-तीन मजली लाकडी मनोरा. गल्लीतला गोंगाट इथं भिंतीपलीकडे राहतो.

गल्लीत मी ‘पाओमो’ मागवलं. मागवलं खरं, पण जेवण आलंच नाही. आला एक रिकामा वाडगा आणि दोन घट्ट, जाड पांढऱ्या रोट्या. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी हातानं दाखवलं: कुस्कर. तर रोटी आपण स्वतः कुस्करायची, तुकडे शेंगदाण्यापेक्षा मोठे नकोत. मी पाच मिनिटांत काम उरकलं. वाढणारी बाई आली, वाडग्यात बघितलं आणि तो परत माझ्याकडे सरकवला. आजोबा पोट धरून हसले. दुसऱ्या खेपेला अर्धा तास लागला, अंगठ्याचं टोक दुखायला लागलं. मग वाडग्याला नंबराचा बिल्ला लावून बाई तो आत घेऊन गेली, आणि आला तेव्हा त्यात मटणाचा रस्सा, शेवया आणि सोबत गोडसर मुरवलेली लसूण. रश्श्यात भाकरी कुस्करून खाणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागलं, याची थोडी लाज वाटली.

मावशी शाकाहारी. तिला रुंद पट्ट्यांच्या नूडल्स मिळाल्या, पट्ट्यांना आपल्या कमरपट्ट्याएवढी रुंदी. वरती तिखटपूड, लसूण, आणि स्वयंपाक्यानं तापलेलं तेल पळीनं त्यावर ओतलं. चर्रर्र. मावशीनं मान वर केली. “फोडणी!” हा शब्द इतक्या मोठ्यानं आला की स्वयंपाकघरातून दोघं डोकावले.

[दृश्य: रात्र. रोषणाईचा रस्ता. तांगकालीन पोशाखातल्या तरुणी.]

रात्री दक्षिणेकडच्या रोषणाईच्या लांबलचक रस्त्यावर गेलो. जिकडे तिकडे तांग काळातले पोशाख, केसांत फुलं, कपाळावर नक्षी. दुकानात पोशाख भाड्यानं घ्यायचा, तिथंच रंगरंगोटी करून घ्यायची आणि फोटोवाल्याला घेऊन रात्रभर हिंडायचं. मला हा प्रकार आधी बाजारू वाटला. अर्ध्या तासानं नाही वाटला. त्या पोरी मजेत होत्या, एवढं पुरे.

त्यांच्यातली एक मावशीसमोर येऊन थांबली. मावशीच्या अंगावर इरकल, हिरवा काठ. पोरीनं फोनमध्ये काहीतरी बोलून पडदा पुढे केला. अनुवाद असा होता: ‘तुमचा पोशाख फार सुंदर आहे. कुठल्या दुकानातून भाड्यानं घेतला?’

“भाड्यानं? अगं, रोजची आहे ही माझी!”

मी ते फोनमध्ये सांगितलं. पोरगी वाचून दोन पावलं मागं सरली आणि तिनं मावशीला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुढची वीस मिनिटं मावशी प्रेक्षणीय स्थळ होती. रांग लागली. फोटो मीच काढले.

दुसऱ्या दिवशी खंदकाकाठच्या बागेतही तसंच. बाकावरच्या एका म्हाताऱ्यांनी आम्हाला ‘यिन्दू?’ म्हणून विचारलं. भारत? मान हलवली, तर ते म्हणाले, “ख तिहुआ.” मला कळेना. मावशीला लगेच कळलं. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. याच प्रांतात उत्तरेला यान-आन आहे, तिथं ते १९३९ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर पोचले आणि १९४२ मध्ये चीनमध्येच वारले. “आमच्या गावचे,” असं मावशीनं चक्क मराठीत सांगितलं. म्हाताऱ्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

[दृश्य: मोठा रानहंस मनोरा. समोर भिक्षूचा पुतळा.]

आता मावशीच्या यादीतलं ते दुसरं नाव. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग. तिनं तो वर्षानुवर्षं शिकवला. इथला उच्चार श्वेन-त्सांग असा काहीसा, आणि मुलांना तो माकडराजाच्या गोष्टीतला गुरू म्हणून ठाऊक. ६२९ च्या सुमारास देशाबाहेर जायला मनाई असताना तो या शहरातून गुपचूप निघाला. ६४५ मध्ये परतला तो भारतातून ६५७ बौद्ध ग्रंथ घेऊन. ते ठेवण्यासाठी ६५२ मध्ये हा विटांचा मनोरा बांधला. नंतर तो पुन्हा उभारला गेला. आज सात मजले, ६४ मीटर उंच, आणि नीट पाहिलं तर किंचित कललेला.

मधल्या काळात हा माणूस महाराष्ट्रात येऊन गेला. ‘मो-हो-ला-चा’ असं आपल्या मुलखाचं नाव त्यानं लिहिलं. जमीन सुपीक, माणसं उंच, साधी पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही. सूड घ्यायचा असला तर शत्रूला आधी तसं कळवतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकांची वस्त्रं देतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. राजा पुलकेशी, हर्षालाही न जुमानणारा. पूर्वेच्या डोंगरात कोरलेल्या एका विहाराचंही वर्णन त्यानं केलंय, दाराशी दगडी हत्ती असलेल्या. ते अजिंठ्याचं असावं असं अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही आहेत.

हे सगळं मावशीनं मला जिन्यात सांगितलं, प्रत्येक मजल्यावर दम घेत. “आधी कळवून सूड. म्हणजे आपली भावकी तेव्हापासून अशीच.”

सातव्या मजल्यावर चार दिशांना चार अरुंद खिडक्या. तिनं विचारलं, “आपण कुठल्या बाजूला?”

मी फोनवर दिशा पाहिली. नैर्ऋत्य. तिथं खिडकी नाही, कोपरा आहे. विटांचा.

ती पश्चिमेच्या खिडकीतून थोडा वेळ पाहून आली. मग दक्षिणेच्या. मागं रांग वाढत होती, एक लहान मुलगा तिच्या पदराचा काठ बोटानं चाचपून बघत होता.

[दृश्य: मावशी पुन्हा पश्चिमेच्या खिडकीशी.]