मागाचा घास

नमस्कार श्रोतेहो.

“हा केवढ्याला?” भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून कुणी एवढंच विचारलं, तरी हौशी फोटोग्राफरची बोबडी वळते. पहाटे तीनला उठून डोंगर चढणारा माणूस, पण भाव सांगायची वेळ आली की “द्या हो काय द्यायचं ते” म्हणून मोकळा होतो. मीही असाच मोकळा व्हायचो. माझी ही सवय घालवली एका घोंगडी विणणाऱ्या तात्यांनी. ती हकीकत आधी सांगतो, बाकीचं वेळ उरला तर.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला मी गेलो होतो. तो पिवळाधमक भंडारा, ढोल, छत्र्या, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. हल्ली तिथं भंडारा उधळणारे हात जास्त की कॅमेरे जास्त, असा प्रश्न पडतो. मी दोनशे फोटो काढले आणि तसेच दोनशे माझ्या शेजारच्यानंही काढले. मग कंटाळून दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका खेड्यात वाट वाकडी केली. तिथं एका अंधाऱ्या सोप्यात तात्या मागावर बसले होते. खड्ड्यात पाय सोडलेले, दारातून तिरपा उजेड, आणि त्या उजेडात काळ्या लोकरीचे धागे. एकच फोटो नीट आला. पण आला!

तो मी बारा बाय अठरा इंचाचा करून कोल्हापुरात शाहू स्मारकातल्या आमच्या प्रदर्शनात लावला. पहिल्याच दिवशी गेला, नऊशे रुपयांना. मी घरी पेढे नेले.

महिन्याभरानं त्याची एक प्रत घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडात धरला, लांब केला, जवळ घेतला आणि विचारलं, “असला दुसरा इकलासा म्हनं. केवढ्याला गेला?”

“नऊशेला.”

“आनि तुमास्नी किती पडला?”

मी बोटं मोजली. प्रिंट दोनशेवीस. माउंट, काच, फ्रेम मिळून साडेसातशे. पेट्रोल एकशे ऐंशी. झाले साडेअकराशे.

तात्या माग थांबवून हसायला लागले. “म्हंजी अडीचशे रुपयं वर देऊन त्या मानसाला म्हनलासा, घिऊन जा बाबा!” आत हाक मारून म्हातारीलाही त्यांनी हे सांगितलं. तीही हसली. पेढ्यांचं मी बोललोच नाही.

मग त्यांनी शेजारचं घोंगडं उलगडलं. “ह्ये बघा. लोकर इकत आनली. ती कातली, त्येची कातनावळ. तान्याला चिंचोक्याची खळ लावली, तेला चिंचोकं लागलं, जळान लागलं. ह्ये झालं सामान. मग मी हितं बसलो, ती माजी मजुरी. आनि तिसरा ह्यो.” त्यांनी मागाच्या लाकडावर थाप मारली. “ह्येला बी घास लागतोय. आज दोरी तुटती, उद्या फनी जाती. दर घोंगड्यामागं ह्येचा घास काडून ठेवायचा.”

सामान, मजुरी आणि मागाचा घास. पुन्हा सांगतो, लिहून घ्यायचं असेल तर घ्या: सामान, मजुरी आणि मागाचा घास. आपला माग म्हणजे कॅमेरा. लेन्सला बुरशी धरते, शटर झिजतं, कार्ड अचानक मान टाकतं. त्याचा घास आपण कधीच काढत नाही.

तेवढ्यात शहरातलं एक गिऱ्हाईक आलं. घोंगडं आवडलं, पण “जरा कमी करा की.” तात्यांनी घोंगडं शांतपणे घडी करून ठेवलं आणि बसायचं छोटं आसन पुढं केलं. “ह्ये कमी हाय.” गिऱ्हाईक गेल्यावर मला म्हणाले, “भाव कमी करायचा न्हाई. घोंगडं ल्हान द्यायचं.”

मी निघालो, तर मागून हाक आली. “ओ सायेब, त्या हिशोबात माजं त्वांड कितीला धरलासा?”

काय सांगणार? त्या दिवशी एक घोंगडं घेतलं, सांगितलेल्या भावात, एक अक्षर न बोलता. अजून पांघरतो. टोचतं, पण कोल्हापूरच्या थंडीला तेच लागतं. ब्लँकेटात ती ऊब नाही, कुणी काही म्हणो.

तर भाव. नऊशेला दिलेल्या त्याच फोटोचा मी नव्यानं हिशेब मांडला. सामान साडेअकराशे, अर्ध्या दिवसाची मजुरी पाचशे, मागाचा घास दीडशे, एकूण अठराशे. कुणाला महाग वाटला तर आठ बाय बाराचा, बिनफ्रेमचा द्यायचा. मोठ्याचा भाव तोच, घोंगडं लहान.

एखाद्या कॅफेच्या भिंतीवर लावणार असाल तर विक्रीतला कॅफेवाल्याचा हिस्सा आधी विचारा. समजा तो तीस टक्के घेतो. इथं हटकून चूक होते. अठराशेवर तीस टक्के चढवून २३४० लावलेत, तर तो २३४० वर तीस टक्के कापणार, म्हणजे ७०२. तुमच्या हातात १६३८. अठराशे हवे असतील तर अठराशेला ०.७ नं भागा. साधारण २५७५ लावावे लागतात.

कॅलेंडरवाले, पुस्तकवाले फोटो मागतात तेव्हा ते प्रिंट मागत नसतात, वापरायची परवानगी मागतात. ती कागदावर द्या, आणि कशासाठी, किती वर्षं, कुठं, हे त्यात लिहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर अख्खा भारत. आणि कुणी पैसे देऊन तुमच्याकडून मुंजीचे फोटो काढून घेतले, तर वेगळं ठरलं नसेल तेव्हा त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. ते फोटो परस्पर विकायला जाऊ नका. “पैसे नाहीत, पण खाली नाव छापू” म्हणणाऱ्यांना मी आता विचारतो, छापखान्यालाही नावावरच भागवता का?

छापायला फाइल मात्र मूळची द्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो इंचाला तीनशे ठिपक्यांनी वीस बाय तेरा इंचापर्यंत छान छापतो. व्हॉट्सॲपमधून गाळून आलेला बहुतेक वेळा पोस्टकार्डापुढं फारसा जात नाही.  

कुणी सांगेल, मान रे या नामांकित अमेरिकी फोटोग्राफरच्या एका फोटोला २०२२ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी २४ लाख डॉलर मिळाले. मिळाले खरे. पण तो बाजार वेगळा आणि आपला शाहूपुरीचा वेगळा.

गेल्या दिवाळीत तात्यांचा फोन आला. मी दिलेला फोटो त्यांनी मागाच्या वरच टांगलाय. पुण्याहून घोंगडी घ्यायला आलेल्या एका बाईंना तो हवा होता. “गिऱ्हाईक हितंच बसलंय,” तात्या हळू आवाजात म्हणाले, “भाव काय सांगू?”

“अठराशे सांगा,” मी म्हणालो.

“म्या पंचवीसशे सांगितल्यात. तुमचं अठराशे, माज्या तोंडाचं सातशे. आनि बाई घासाघीस कराय लागल्यात, तवा येताना एक ल्हान बी घिऊन या.”

नमस्कार.