बेचाळीस अंशांतला ऑल-इन-वन

(दृश्य: मे महिना, दुपारचे दोन. टिनपत्र्याखालचा फोटो स्टुडिओ. दारात ऊन, टेबलावर एक मोठा पडदा.)

तालुक्याचं गाव, लग्नसराई ऐन भरात. चार लग्नांचे व्हिडिओ रांगेत आहेत आणि सगळी भिस्त टेबलावरच्या या एका यंत्रावर. ऑल-इन-वन, म्हणजे पडद्याच्या पाठीतच प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि पंखे. जागा कमी लागते, वायरींचं जंजाळ नसतं, म्हणून स्टुडिओवाले आणि सेवा केंद्रवाले ते आवडीनं घेतात. पण लाखाच्या घरातलं यंत्र शोरूमच्या एसीत पाहून काही कळत नाही. बदलून मिळण्याची मुदत आहे तोवर ते याच खोलीत, याच लाईनवर तपासून घ्यावं.

(दृश्य: खोक्यावरची पट्टी, जवळून.)

सुरुवात प्रोसेसरच्या नावापासून, आणि त्यातही शेवटच्या अक्षरापासून. 'कोअर आय-७' एवढं वाचून थांबू नका. आय-७ १३५५यू आणि आय-७ १३७०० ही एकाच पिढीतली भावंडं. पहिल्याला १० कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग), मूळ वीज १५ वॉट, तो लॅपटॉपचा. दुसऱ्याला १६ कोअर, ६५ वॉट, तो डेस्कटॉपचा. मागे 'टी' असेल तर डेस्कटॉपचाच, पण ३५ वॉटवर बांधलेला. बरेच ऑल-इन-वन आतून लॅपटॉपच असतात. सेवा केंद्राच्या कामाला ते भरपूर झाले. तासभराचा फोरके (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचा) व्हिडिओ एडिट करून बाहेर काढायचा असेल तर हे अक्षर आधी वाचा.

(दृश्य: यंत्राची पाठ. हवा आत घेणाऱ्या जाळीजवळ थर्मामीटर टांगलेला.)

आता उष्णता. आपल्याकडे सगळी परीक्षा इथेच आहे.

समजा, २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर प्रोसेसर ८५ अंशांवर स्थिरावतो. म्हणजे खोलीपेक्षा ६० अंश वर. हा फरक पंखे, तांब्याच्या नळ्या आणि पात्यांची जाळी ठरवतात. खोली तापली तरी तो जवळपास तेवढाच राहतो. आता खोली ४२ ची धरा. बेरीज १०२. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांना १०० च्या आसपास लगाम बसतो, म्हणून तिथवर पोचायच्या आतच तो आपला वेग उतरवतो. यंत्र बंद पडत नाही, तक्रार करत नाही. काम फक्त लांबत जातं. ॲपल आपल्या आयमॅक या ऑल-इन-वनसाठी १० ते ३५ अंशांचीच मर्यादा देतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, टिनाखालची खोली ती सकाळीच ओलांडते.

म्हणून चाचणी दोनदा करायची. एकदा पहाटे, एकदा दुपारी तीनला. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण राबवून गुण देणारं सॉफ्टवेअर) लागोपाठ ३० मिनिटं चालवा. पहिला आकडा लिहा, शेवटचा लिहा, सोबत जाळीजवळचं तापमानही लिहा. विंडोज असेल तर एचडब्ल्यूइन्फो हे मोजमाप दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवून प्रोसेसरचा वेग आणि अंश पाहत राहा. पहिल्या मिनिटाचा आकडा कुणाचाही चांगलाच येतो. आपल्याला तिसाव्या मिनिटाचा हवा. मग खरं काम लावा. तोच २० मिनिटांचा फोरके व्हिडिओ तीनदा, मध्ये विसावा न देता, हाती घड्याळ धरून. दुपारी तिसऱ्या वेळेला पहाटेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वेळ लागला, तर यंत्राचं एवढं कूलिंग या खोलीत पुरणार नाही असं समजा.

२०१७ साली ॲपलने आयमॅक प्रो काढला, १८ कोअरपर्यंतचा झिऑन (इंटेलचा मोठ्या कामांचा प्रोसेसर) घालून. ती उष्णता बाहेर काढायला दोन पंखे बसवले आणि जागा करण्यासाठी फिरती हार्ड डिस्क काढूनच टाकली. सोबत २७ इंची आयमॅकच्या पाठीवरचं मेमरीचं झाकणही गेलं. पातळ पाठीत ताकद कोंबायची तर अशी काहीतरी किंमत मोजावीच लागते.

(दृश्य: पंखा, अगदी जवळून. पात्यांवर राखाडी थर.)

हे नीट बघा. साधी धूळ नाही ही, कापसाचे तंतू आहेत. जिनिंग (कापसातून सरकी काढणं) सुरू झालं की ते हवेत उडतात, पात्यांच्या फटीत अडकतात, त्यावर धूळ बसते आणि नमदा तयार होतो. मग पंखा कितीही ओरडला तरी वारा बाहेर येत नाही. ओळखायची सोपी युक्ती: बाहेरच्या जाळीसमोर कागदाची पट्टी धरा, भारावर ती फडफडायला हवी. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा, नाहीतर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. कूलर यंत्राच्या थेट समोर नको आणि खिडकी उघडी असू द्या. बंद खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो.

(दृश्य: भिंतीवरचा सॉकेट, मल्टिमीटर.)

विजेचं काम गवंडी आणि वायरमनच्या हातात. यंत्राच्या धातूच्या पाठीला हात लावला आणि झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजा. आकडे जवळजवळ सारखे यावेत, न्यूट्रल आणि अर्थमधला फरक दोन-तीन व्होल्टच्या आत. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला विसरू नका. पोलवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी तीन-चारशे व्होल्ट येऊ शकतात. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ लावाच.

यूपीएसचीही परीक्षा घ्या. काही यंत्रांच्या सप्लायला चौकोनी लहरीचा यूपीएस मानवत नाही. व्हिडिओ निघत असताना यूपीएसचा प्लग भिंतीतून दहा वेळा काढा आणि लावा. एकदाही यंत्र बंद पडलं तर शुद्ध साइन लहरीचा, म्हणजे लाईनसारखी गुळगुळीत वीज देणारा घ्या. ६०० व्हीएच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी दीडशे वॉट भारावर दहा-पंधरा मिनिटांपलीकडे भरवशाची नाही, आणि तापलेल्या खोलीत ती लवकर बसते.

मेमरी एकाच ८ जीबीच्या पट्टीत असेल तर दोन कराव्यात, ग्राफिक्सला लगेच फरक पडतो. २४ इंची आयमॅकमध्ये ती सोय नाही, घेतानाच ठरवा. डिस्कवर १०० जीबीची एकच प्रत टाकून बघा: पुष्कळ स्वस्त डिस्क सुरुवातीला पळतात आणि मध्येच बसतात.

(दृश्य: हळदीचा फोटो पडद्यावर आणि शेजारी छापील अल्बम.)

पडद्याचं मोजमाप हळदीच्या फोटोवर करा. ४५ टक्के एनटीएससी (म्हणजे रंगांचा पल्ला तोकडा) लिहिलेल्या पडद्यावर हळद फिकी दिसते, मग हात आपोआप रंग वाढवतो आणि छापून आलेल्या अल्बममध्ये नवरी केशरी दिसते. शंभर टक्के एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या फोटोंचे सगळे रंग दाखवणारा पडदा घ्या. चकचकीत काच असेल तर दाराकडे तोंड करून ठेवू नका.

शेवटी दुरुस्ती. इथे पडदा फुटला की सगळं यंत्र दुरुस्तीला जातं, सप्लाय गेला तरी तेच. म्हणून ॲडॉप्टर बाहेर असलेलं यंत्र बरं. ते बदलणं दहा मिनिटांचं काम. आत येणारं एचडीएमआय पोर्ट असेल तर पुढे मदरबोर्ड गेला तरी पडदा मॉनिटर म्हणून चालू शकतो. त्याचा बोर्ड वेगळा आहे का, तेवढं विचारा. आणि पैसे देण्याआधी घरपोच सेवेची चौकशी आपल्या गावाचा पिनकोड सांगून करा, नागपूरचा नाही.