भोवत्यांचा रातथारा

दसरा सरतो, पाऊस मागे फिरतो आणि सुपे, इंदापूर, नान्नजच्या माळांवर कुसळी पिवळी पडायला लागते. त्याच सुमारास कझाकस्तान आणि रशियातल्या गवताळ मैदानांतून पाहुणे उतरतात. गावात विचारलंत तर उत्तर येईल, ‘घार आहे.’ घार नव्हे, हा भोवत्या.

घार उंचावर घिरट्या घालते. भोवत्या गवताच्या शेंड्यांवरून, पंख किंचित वर उचलून तरंगत जातो. चेहरा पाहा, घुबडासारखा चपटा आणि गोल. गवतात उंदीर हलला तर याला आधी ऐकू येतो, मग दिसतो.

पांढुरक्या भोवत्याचा नर फिकट राखाडी, पंखांच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यू भोवत्याच्या नराच्या पंखावर काळी पट्टी. माद्या मात्र दोन्हींच्या तपकिरी. तिथे मुरलेले पक्षीनिरीक्षकही अडखळतात. तिसरा दलदल भोवत्या. त्याला पाणी लागतं, म्हणून तो उजनीच्या काठाला दिसतो.

दिवसा हे पक्षी शेतांवरही भागवतात. नाकतोडे, उंदीर, चंडोल, जे मिळेल ते. शेतकऱ्याचं काम फुकटात होतं. रात्रीची गोष्ट वेगळी. माळावरचे हे भोवत्ये झाडावर झोपत नाहीत. सूर्य कलला की चहूकडून येतात आणि उभ्या गवतात, थेट जमिनीवर बसतात. हाच त्यांचा रातथारा. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदर राष्ट्रीय उद्यानात १९९०च्या दशकात अशा रातथाऱ्यावर हजाराहून जास्त भोवत्ये मोजले गेले. तो जागतिक विक्रम ठरला.

गुडघाभर उभं गवत असेल तरच कोल्ह्या-कुत्र्यांपासून आडोसा मिळतो. चरून खुरटलेला किंवा वणव्यात जळालेला माळ दिवसा शिकारीला चालेल, रात्री नाही. सरकारी दप्तरात हेच माळ ‘पडीक’. मग तिथे चर खणून रोपं लावली जातात. झाडं लावण्याला वाईट कसं म्हणायचं? माळावर लावलीत तर खुशाल म्हणावं.

होळीनंतर गर्दी विरळ होते, एप्रिलअखेर बहुतेक सगळे परतलेले असतात. तिकडे घरटंही जमिनीवरच, गवतात.

बघायला जाणार असाल तर संध्याकाळी गाडी रस्त्यावरच ठेवा. गवतात घातलेली एक गाडी अख्खा रातथारा उठवते, आणि अंधार पडल्यावर त्यांना दुसरी जागा शोधणं सोपं नसतं.